चर्चच्या छोट्या ऑफिससाठी कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि नेटवर्क: सुरुवात कुठून करायची

चर्चच्या ऑफिससाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचा घ्यायचा?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. चर्चचं ऑफिस इतर ऑफिसांसारखं चालत नाही. पूर्णवेळ माणूस असला तर एखादा, नाहीतर तोही नाही. सेक्रेटरी दर काही वर्षांनी बदलतो, खजिनदार स्वतःची नोकरी सांभाळून रविवारच्या उपासनेनंतर हिशेब लिहितो, पाळकांची बदली होते. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र साठ वर्षांनीही कुणीतरी मागायला येतं. तेव्हा जे काही घ्याल त्याला एकच कसोटी लावा: आज हे बसवून देणारा माणूस उद्या इथे नसेल, तर पुढच्याला ते चालवता येईल का?

ही कसोटी लावली की बरेच निर्णय आपोआप सोपे होतात.

पायरी १: आधी कामं लिहून काढा

एका महिन्यात ऑफिसात काय काय होतं ते कागदावर उतरवा. रविवारचं पत्रक, सभासदांची यादी, बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि दफनाच्या नोंदी, दाखले देणं, अर्पणाचा हिशेब आणि पावत्या, हॉलचं बुकिंग, संडे स्कूलची हजेरी, पडद्यावर गीतांचे शब्द, कदाचित उपासनेचं थेट प्रक्षेपण. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: ते कोण करतं, कुठे बसून करतं, आणि त्यातली माहिती कुणी पाहिलेली चालते.

तिसरा रकाना लोक हमखास गाळतात आणि नंतर तोच नडतो. कुठल्या कुटुंबाने किती अर्पण दिलं हे खजिनदाराला दिसायला हवं, पत्रक छापणाऱ्या स्वयंसेवकाला नाही. संडे स्कूलच्या शिक्षिकेला मुलांच्या पालकांचे फोन नंबर हवेत, पण सगळ्या मंडळीचे पत्ते कशाला? पाळकांनी एखाद्या घरी भेट देऊन काही टिपून ठेवलं असेल, तर ते सामाईक फोल्डरमध्ये कधीच जाऊ नये. एखादी व्यक्ती कुठल्या चर्चची सभासद आहे ही माहितीसुद्धा नाजूक मानली जाते. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात धार्मिक श्रद्धा ही विशेष संरक्षण असलेल्या माहितीत मोडते. तुमच्याकडचा कायदा वेगळा असला तरी यादी त्याच काळजीने सांभाळायला हरकत नाही.

पायरी २: नोंदवह्यांचं काय करायचं ते ठरवा

बहुतेक मार्गदर्शक लेख थेट यंत्रावर उडी मारतात. माझ्या मते खरं काम इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये लग्नाची नोंदवही ठेवणं पाळकांवर बंधनकारक केलं. आजच्या कॅथलिक कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या नियमसंहितेचं, ५३५ वं कलम प्रत्येक पॅरिशला (स्थानिक धर्मग्रामाला) बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवायला सांगतं. त्याच कलमात असंही आहे की दृढीकरण, लग्न वगैरे पुढच्या घटनांची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीत घ्यायची. म्हणजे ही नोंद एकदा लिहून मिटत नाही, तिच्या समासात पुढची कित्येक वर्षं शेरे पडत राहतात. इतर पंथांत नियम वेगळे असतील, पण जुन्या नोंदीवर नवा शेरा हा प्रकार सगळीकडे येतोच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कागदी वही हीच मूळ प्रत. कॉम्प्युटर तिची जागा घेत नाही, तिच्यातली नोंद पटकन शोधून देतो. दोन, तुमच्या तक्त्यात मोकळा, लांबलचक शेऱ्याचा रकाना हवाच. पुष्कळ तयार सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि तारीख टाकायला सुरेख जागा असते आणि शेऱ्याला मात्र जेमतेम एक ओळ. घेण्याआधी हे बघा.

साध्या स्प्रेडशीटमध्ये सुरुवात करणार असाल तर रकाने असे ठेवा: वहीचा क्रमांक, पान, नोंद क्रमांक, वहीत जसं लिहिलंय तसं नाव, आजच्या वापरातलं नाव, आईवडिलांची नावं, साक्षीदार, विधी करणारे, शेरा. वहीतलं स्पेलिंग किंवा ऱ्हस्वदीर्घ सुधारत बसू नका. दाखला मूळ नोंदीप्रमाणे द्यावा लागतो आणि कुणी दुरुस्ती मागितली तर आधी मूळ काय होतं ते दाखवावं लागतं. म्हणूनच नावाला दोन रकाने.

आता तारखा. जुनी वही असेल तर हा खड्डा ठरलेला. एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, ती नुसती अक्षरं समजतो. त्यामुळे १८८७ च्या आणि १९८७ च्या नोंदी एकाच रकान्यात टाकून क्रमाने लावायला गेलात की सगळा क्रम विस्कटतो. उपाय साधा आहे: वर्ष, महिना आणि दिवस यांना तीन वेगळे रकाने द्या आणि तिन्हींत फक्त आकडे लिहा. एखाद्या नोंदीत दिवस वाचता येत नसेल तर तो रकाना रिकामा सोडता येतो, अंदाजाने १ तारीख लिहायची वेळ येत नाही.

नोंदी मराठीत ठेवणार असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या लिपीच्या पद्धतीतच टाइप करा. जुन्या विशिष्ट फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी त्या फॉन्टशिवाय उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि त्यात शोधही घेता येत नाही. तशी यादी आधीपासून असेल तर नवी यंत्रणा बसवण्याआधी ती बदलून घ्या, नंतर नाही.

वह्यांचे फोटोही काढून ठेवा. जाड बांधणीची वही स्कॅनरच्या काचेवर उलटी दाबली की कणा तुटतो. वही टेबलावर उघडी ठेवून स्टँडला लावलेल्या कॅमेऱ्याने वरून फोटो घेणं बरं. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. फाइलच्या नावात वही आणि पान क्रमांक असू द्या, म्हणजे तक्त्यातली ओळ आणि फोटो यांची सांगड लागते.

पायरी ३: सॉफ्टवेअर

लिहिणं, तक्ते आणि पत्रक यांसाठी लिब्रेऑफिस फुकट आहे आणि छोट्या ऑफिसला पुरून उरतं. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांचेही ना-नफा संस्थांसाठी कार्यक्रम आहेत, त्यात काही सेवा फुकट किंवा सवलतीत मिळतात. तुमचं चर्च त्यात बसतं की नाही हे देश आणि नोंदणीचा प्रकार यांवर अवलंबून असतं, तेव्हा विकत घेण्याआधी अर्ज करून पाहा. अर्ज चर्चच्या नावाने करा, कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यातून नको.

सभासदांच्या यादीसाठी खास सॉफ्टवेअर लागतं का? यादी एकच माणूस सांभाळत असेल आणि मंडळी छोटी असेल, तर माझं उत्तर "नाही" असं आहे. प्रत्येक व्यक्तीची एक ओळ, आणि त्या ओळीत कुटुंब क्रमांक. कुटुंबाची एक ओळ करून त्यात सगळ्यांची नावं कोंबू नका, कारण लग्न झालं, मुलगा वेगळा राहू लागला, आजी दुसऱ्या मुलाकडे गेली की ती ओळ फोडावी लागते. व्यक्तीची ओळ असेल तर फक्त कुटुंब क्रमांक बदलला की झालं.

दोन-तीन माणसं एकाच वेळी यादीत बदल करू लागली, कुणाला काय दिसावं याचे नियम हवे झाले, की मग तयार सॉफ्टवेअर बघा. प्लॅनिंग सेंटर आणि ब्रीझ या ऑनलाइन सेवा चर्चसाठीच बनवलेल्या आहेत, आणि प्लॅनिंग सेंटरचा सभासद यादीचा भाग फुकट आहे. चर्चसीआरएम हे मुक्त स्रोत, म्हणजे कुणालाही फुकट घेऊन वापरता येणारं सॉफ्टवेअर आहे, पण फुकट म्हणून भुलू नका. ते सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या सामाईक कॉम्प्युटरवर बसवावं लागतं, त्याचे अपडेट आणि बॅकअप कुणीतरी पाहावे लागतात. मंडळीतला एखादा हुशार तरुण हौसेने बसवून देईल, पण दोन वर्षांनी तो शिकायला परगावी गेला की फाइल उघडणार कोण? वरची कसोटी इथे सगळ्यात कडक लावा.

सेवा कुठलीही असो, पहिल्याच दिवशी दहा खोटी नावं भरा, सगळी माहिती सीएसव्ही फाइलमध्ये (कुठल्याही तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी साधी फाइल) बाहेर काढा आणि ती लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा. शेरे आले का? कुटुंबांची जोडणी आली का? आत टाकलेली माहिती जशीच्या तशी बाहेर निघत नसेल तर तिथेच थांबा.

हिशेबात चर्चची एक खास गरज असते: पैसा वेगवेगळ्या निधीत वाटलेला असतो. इमारत निधीला दिलेलं दान वीजबिलाला वापरता येत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरने बँकेतली एकूण शिल्लक दाखवली तरी पुरत नाही, प्रत्येक निधीत किती उरलं तेही दिसायला हवं. सर्वसाधारण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये विभाग किंवा कॉस्ट सेंटर (खर्चाचे वेगळे गट) वापरून हे जमतं, ग्नूकॅश या हिशेबाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही वेगळी खाती काढून करता येतं. तुमचा ऑडिटर जे सॉफ्टवेअर ओळखतो ते घ्या, बाकी वैशिष्ट्यं दुय्यम.

पडद्यावर गीतं दाखवायला ओपनएलपी हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे, ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र गीतांचे हक्क तपासा. अनेक देशांत सीसीएलआय या ख्रिस्ती गीतांचे परवाने देणाऱ्या संस्थेचा परवाना घेऊन शब्द पडद्यावर दाखवता येतात, पण तीच उपासना इंटरनेटवर प्रक्षेपित करायची तर त्यासाठीचा परवाना वेगळा असतो.

पायरी ४: कॉम्प्युटर

इथे फार डोकं खपवायची गरज नाही. पत्रक, यादी आणि हिशेब या कामांना मध्यम ताकदीचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) भरपूर झाली. ८ जीबीवर भागतं, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडे ठेवणारे सेक्रेटरी असतील तर कुरकुर ऐकावी लागेल. जुनी फिरती हार्ड डिस्क मुख्य डिस्क म्हणून नकोच.

ऑफिसातल्या टेबलासाठी डेस्कटॉप बरा: टिकतो, दुरुस्त होतो, कुणी पिशवीत घालून घरी नेत नाही. घरून काम करावंच लागत असेल तर लॅपटॉप घ्या, पण त्याची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येत नाही. त्यासाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर येतं, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. त्याची रिकव्हरी की (अडकल्यावर डिस्क उघडणारा कोड) छापून कपाटात ठेवा, त्याच लॅपटॉपवर नको.

आता दानात आलेल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. सभासदाने प्रेमाने दिलेला असतो, नाही म्हणणं जड जातं, आणि ऑफिसच्या कोपऱ्यात असे तीन-चार साचतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा यंत्रातला सुरक्षेचा भाग लागतो, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याहून जुनं यंत्र सभासदांची माहिती ठेवायला वापरू नका. विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा क्रोमओएस फ्लेक्स ही फुकट प्रणाली टाकून ते संडे स्कूलला किंवा गीतांच्या पडद्याला देता येईल. तेवढंही जमणार नसेल तर आभार मानून परत करा. उलट कंपन्यांतून निघालेले, नूतनीकरण करून वॉरंटीसह विकले जाणारे व्यावसायिक श्रेणीचे डेस्कटॉप हा चांगला सौदा असतो.

प्रक्षेपणाचा कॉम्प्युटर वेगळा ठेवा. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर रविवारी सकाळी कॅमेरे जोडायचे, म्हणजे स्वयंसेवकांच्या हातात अर्पणाची खाती उघडी देणं.

प्रिंटर आणि पत्रक

आठवड्यातून एकदाच छपाई होत असेल तर इंकजेटची शाई बारीक छिद्रांत सुकते आणि शनिवारी संध्याकाळी पट्टे उमटू लागतात. दोन्ही बाजूंनी छापणारा काळा-पांढरा लेझर घ्या. रंगीत मुखपृष्ठ वर्षातून दोनदा हवं असेल तर बाहेरून छापून आणा.

पत्रक ए४ कागद मधोमध दुमडून ए५ पुस्तिकेसारखं करायचं असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. आठ पानांच्या पत्रकाला दोन कागद लागतात. पहिल्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि १, मागे २ आणि ७. दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. ही जुळणी हाताने करत बसू नका. लिब्रेऑफिस रायटरच्या छपाईच्या खिडकीत ब्रोशर हा पर्याय आहे, तो पानं आपोआप लावतो. दोन्ही बाजूंच्या छपाईत कागद आखूड कडेवरून उलटायचा पर्याय निवडा, नाहीतर मागचं पान उलटं छापलं जातं. आधी एकच प्रत काढून दुमडून बघा आणि मगच बाकीच्या सोडा.

पायरी ५: नेटवर्क

चर्चची इमारत म्हणजे जाड भिंती, उंच छत आणि एका टोकाला ऑफिस. वाय-फायला याहून कठीण जागा शोधून सापडणार नाही. म्हणून नियम असा: जे हलत नाही त्याला तार. ऑफिसचा कॉम्प्युटर, प्रिंटर, प्रक्षेपणाचं यंत्र, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी यंत्रं), सगळे केबलने जोडा. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल घ्या, तिच्यावर १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग मिळतो. भिंत एकदा फोडायचीच आहे तर एकाऐवजी दोन केबल टाका. केबल स्वस्त असते, गवंडी नसतो.

पाळकांचं घर किंवा हॉल वेगळ्या इमारतीत असेल तर दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका. वीज पडली किंवा दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला की त्या तारेतून जोरदार झटका येतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. तिथे फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका, त्यातून वीज वाहत नाही.

वाय-फायमध्ये २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, भिंतीही बऱ्या ओलांडतो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर हात टेकतो. एका कोपऱ्यात महागडा राउटर ठेवण्यापेक्षा हॉलच्या छताला एक आणि ऑफिसात एक असे दोन साधे ॲक्सेस पॉइंट जास्त उपयोगी. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारे, म्हणजे पीओई प्रकारचे घेतलेत तर छताजवळ वेगळा सॉकेट काढावा लागत नाही.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क हवंच. त्याचा पासवर्ड पत्रकावर छापला तरी हरकत नाही, पण त्यावरून ऑफिसचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसता कामा नयेत. पाहुण्यांच्या वेगाला मर्यादा घाला. रविवारी शंभर फोन हॉलमध्ये आले की प्रत्येक फोन कालचे फोटो वर चढवू लागतो, आणि ऐन उपदेशात थेट प्रक्षेपण अडखळतं. प्रक्षेपणासाठी बघायचा असतो तो अपलोडचा वेग. इंटरनेट कंपनीच्या जाहिरातीत ठळक असतो तो डाउनलोडचा. १०८०पी चित्राला ६ एमबीपीएसच्या आसपास धरलं, तर अपलोड निदान त्याच्या दुप्पट असावा.

राउटर आला त्याच दिवशी त्याचा मूळ पासवर्ड बदला, वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. सर्व्हर घ्यायचा का, असं कुणी विचारेल. दोन-तीन कॉम्प्युटरच्या ऑफिसला नको. राउटर आणि मुख्य कॉम्प्युटरला मात्र यूपीएस (वीज गेल्यावर काही वेळ चालवणारी बॅटरी) लावा.

पायरी ६: बॅकअप, खाती आणि फसवणूक

बॅकअपचा ३-२-१ नियम पाळा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक इमारतीबाहेर. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर फाइल आपोआप जाते म्हणून निश्चिंत होऊ नका. तुम्ही इथे फाइल खोडली की ती तिथूनही जाते, आणि रॅन्समवेअरने (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर) इथली बिघडवली की तिथली प्रतही बिघडते. काही दिवस मागच्या आवृत्ती मिळतात खऱ्या, पण चूक सहा महिन्यांनी लक्षात आली तर? एक बाहेरची डिस्क आठवड्यातून एकदा जोडा, प्रत घ्या, काढून कुलपात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते. आणि दर तीन महिन्यांनी कुठलीही एक फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून पाहा.

डोमेन (वेबसाइटचं नाव), ईमेल, बँकेचं लॉगिन, सोशल मीडियाची पानं, सगळी चर्चच्या नावाने आणि पदाच्या पत्त्यावर काढा, म्हणजे सेक्रेटरीच्या पदाचा एक पत्ता, खजिनदाराच्या पदाचा एक. माणूस बदलला तरी पत्ता बदलत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या खात्याला दोन प्रशासक असू द्या. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणं, चालू करा, पण तिचा कोड एकाच स्वयंसेवकाच्या फोनवर येत असेल तर तो रागावून सोडून गेला की चर्चच दाराबाहेर. खात्याचे रिकव्हरी कोड (फोन नसताना आत शिरायचे कोड) छापून नोंदवह्यांच्या तिजोरीत ठेवा. पासवर्डसाठी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं सॉफ्टवेअर वापरा.

चर्चना खास लक्ष्य करणारी एक फसवणूक आहे. पाळकांच्या नावाने ईमेल किंवा मेसेज येतो: "मी मीटिंगमध्ये आहे, एका आजारी सभासदासाठी गिफ्ट कार्डं हवीत, घेऊन नंबर पाठवा, कुणाला सांगू नका." अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. पाळकांचं नाव चर्चच्या वेबसाइटवरच असतं, त्यामुळे हे नाटक रचायला काहीच लागत नाही. मंडळीसमोर एकदा स्पष्ट सांगून टाका की पाळक मेसेजवरून कधीही पैसे मागणार नाहीत. ऑफिससाठी नियम असा ठेवा: पैशाची कुठलीही सूचना आली की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

शेवटची पायरी म्हणजे एक साधी वही. कुठली यंत्रं कधी घेतली, वॉरंटी कधी संपते, कुठल्या सेवेचं नूतनीकरण कधी, इंटरनेट बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, कुठली केबल कुठे जाते. पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत, ते कुठे आहेत एवढंच. सेक्रेटरी बदलतो तेव्हा जुन्याने आणि नव्याने शेजारी बसून वहीवरून प्रत्येक खात्यात एकेकदा लॉगिन करायचं, जुन्याचा प्रवेश काढायचा, आणि तारीख घालून दोघांनी सही करायची.